पासवर्डची वही बंद करा, तिजोरी आपल्याच कार्यालयात ठेवा : शेतकरी गट व संस्थांसाठी सविस्तर माहिती

छत्रपती संभाजीनगर (ग्रामीण प्रतिनिधी) : शेतकरी गट असो, उत्पादक कंपनी असो, दूध संस्था असो नाहीतर गावातलं सेवा केंद्र. कार्यालयात जा आणि टेबलाचा वरचा ड्रॉवर उघडा. एक जाडी वही निघणारच. पहिल्या पानावर जीएसटीचा पासवर्ड, दुसऱ्यावर कंपनी विभागाचा, मधेच कुणाचा तरी खताचा हिशेब, आणि शेवटच्या पानावर तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलेला ईमेलचा पासवर्ड. वही नसेल तर सगळं एका पोराच्या मोबाईलात असतं. तो पोरगा गावात आहे तोवर काही अडत नाही.

आमच्या उत्पादक कंपनीचं असंच झालं. संगणक पाहणारा पोरगा चांगल्या नोकरीला लागला आणि पुण्याला गेला. जाताना भांडण नाही, काही नाही, पेढे वाटून गेला. पण कंपनीचा ईमेल त्याच्या जुन्या नंबरवर जोडलेला होता आणि तो नंबर त्यानं रिचार्ज न केल्यानं बंद पडला होता. ऑक्टोबरात वार्षिक हिशेब भरायला बसलो तर लॉगिन होईना. पासवर्ड बदलावा तर ओटीपी बंद नंबरवर. सगळं सुरळीत होईपर्यंत एका फॉर्मला ४१ दिवस उशीर झाला, दुसऱ्याला ११ दिवस. कंपनी कायद्याखाली वार्षिक फॉर्म उशिरा भरला तर फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क लागतं. म्हणजे ५,२०० रुपये नुसत्या विसरभोळेपणाचे गेले. सभासदांनी अद्रक विकून उभं केलेलं भागभांडवल होतं ते. सभेत तात्या एवढंच म्हणाले, "कुलूप आपलं, कपाट आपलं, अन् चावी पुण्याला?"

त्यानंतर आम्ही जे केलं, त्याची ही माहिती. संगणकाची थोडी आवड असलेला एक माणूस गटात असला तर हे जमतं.

पासवर्ड मॅनेजर म्हणजे काय

पासवर्ड मॅनेजर म्हणजे पासवर्डची कुलूपबंद तिजोरी. प्रत्येक पोर्टलचा वेगळा, लांबलचक, कुणालाच पाठ नसणारा पासवर्ड त्यात राहतो. माणसानं एकच पासवर्ड लक्षात ठेवायचा. त्याला मास्टर पासवर्ड म्हणतात. मोबाईल किंवा संगणकावर तो टाकला की तिजोरी उघडते आणि पोर्टलच्या पानावर पासवर्ड आपोआप भरला जातो.

यात समजून घ्यायची गोष्ट अशी की, कुलूप आपल्या मोबाईलातच लागतं. पासवर्ड आधी आपल्या यंत्रावर सांकेतिक रूपात बदलतात आणि मगच सर्व्हरकडे जातात. सर्व्हरवर फक्त न समजणारी अक्षरं राहतात. मास्टर पासवर्ड सर्व्हरला कधीच कळत नाही. म्हणून तो विसरला तर "पासवर्ड विसरलात का" असं बटण दाबून परत मिळत नाही. तिजोरीची ताकद यातच आहे आणि धोकाही यातच.

बिटवॉर्डन हा २०१६ साली सुरू झालेला असा एक पासवर्ड मॅनेजर. त्याचं सॉफ्टवेअर खुलं आहे, म्हणजे आत काय लिहिलंय ते कुणालाही वाचता येतं. व्हॉल्टवॉर्डन हा त्याच्याशी जुळणारा, पण वेगळ्या लोकांनी रस्ट भाषेत लिहिलेला हलका सर्व्हर. आधी त्याचं नाव बिटवॉर्डन आरएस होतं, २०२१ मध्ये बदललं. तो फुकट आहे आणि इतका हलका की जुन्या लॅपटॉपवर आरामात चालतो. मोबाईलवरची ॲप मात्र बिटवॉर्डनचीच वापरायची.

दुसऱ्याची तिजोरी की आपली

बिटवॉर्डन कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर फुकट खातं उघडता येतं. एकट्या माणसाला तेवढं पुरतं. मग स्वतःचा सर्व्हर कशाला?

२०२२ साली लास्टपास नावाच्या मोठ्या पासवर्ड कंपनीत चोरी झाली. चोरट्यांनी ग्राहकांच्या तिजोऱ्यांची बॅकअप प्रतच उचलून नेली. आतले पासवर्ड कुलूपबंद होते, पण कोणत्या वेबसाईटचे ते आहेत हे पत्ते उघडेच होते. ज्यांचा मास्टर पासवर्ड लांब आणि अवघड होता ते बऱ्यापैकी सुरक्षित राहिले. ज्यांनी सोपा ठेवला होता त्यांच्या तिजोरीवर चोर घरी निवांत बसून एकेक चावी लावून पाहू शकत होता.

यातून दोन धडे निघतात. पहिला, लाखो लोकांच्या तिजोऱ्या एका जागी असल्या की चोराचं लक्ष तिथं जातं. दुसरा, तिजोरी कुणाकडेही ठेवा, शेवटी मास्टर पासवर्डच वाचवतो.

स्वतःकडे ठेवण्याचा आमच्यासाठी मोठा फायदा वेगळाच होता. एका संस्थेत पाच-सहा जणांना ठरावीक पासवर्ड वाटून द्यायचे, माणूस बदलला की त्याचा हक्क काढायचा, आणि यासाठी दर माणशी दरमहा पैसे मोजायचे नाहीत. व्हॉल्टवॉर्डनमध्ये ही सोय फुकट मिळते.

पण खरं सांगायचं तर हे सगळ्यांसाठी नाही. बॅकअप घेणारा, महिन्यातून एकदा बसून अपडेट करणारा माणूस नसेल तर स्वतःचा सर्व्हर ठेवू नका. दारात बैल बांधला की रोज वैरण टाकावी लागते, तसंच हे. माणूस नसेल तर बिटवॉर्डनचं कंपनीचंच खातं वापरा. वहीपेक्षा ते शंभर पटीनं बरं.

चार शब्द आधी समजून घ्या

सर्व्हर : कायम चालू राहणारा संगणक. दुसरी यंत्रं त्याच्याकडे माहिती मागतात.

कंटेनर : सॉफ्टवेअरचा बंद डबा. एखादं सॉफ्टवेअर चालायला ज्या-ज्या गोष्टी लागतात त्या सगळ्या एकाच डब्यात भरलेल्या असतात. डबा उचलून दुसऱ्या संगणकावर ठेवला तरी तसाच चालतो. डॉकर हे असे डबे चालवणारं सॉफ्टवेअर, २०१३ मध्ये आलं. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : डबा फेकून दिला की आतलंही जातं. म्हणून आपली माहिती डब्याबाहेर, संगणकाच्या एका फोल्डरमध्ये ठेवायची असते.

रिव्हर्स प्रॉक्सी : जाधववाडीच्या बाजार समितीत माल घेऊन गेलात तर गाडी थेट आडत्याच्या गाळ्यात घुसत नाही. आधी गेट लागतं. गेटवर नोंद होते, कुणाकडे जायचं ते विचारतात आणि मग गाडी त्या गाळ्याकडे जाते. रिव्हर्स प्रॉक्सीचं काम तेच. बाहेरून येणारा प्रत्येक जण आधी त्याच्यापाशी येतो, आणि तो त्याला आतल्या योग्य डब्याकडे पाठवतो. आतला डबा बाहेरच्याला थेट दिसतच नाही. एनजिनएक्स आणि कॅडी ही दोन नावं यात प्रसिद्ध. नवख्या माणसाला कॅडी सोपी जाते.

सर्टिफिकेट : वजनकाट्यावर वजनमापे विभागाचा शिक्का असतो, तसा वेबसाईटच्या खरेपणाचा शिक्का. तो असला की ब्राउझर पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस धरतो आणि मधल्या रस्त्यात कुणाला काही वाचता येत नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था २०१५ पासून हे सर्टिफिकेट फुकट देते. त्याची मुदत ९० दिवस असते. कॅडी ते स्वतः आणते आणि मुदत संपायच्या आत स्वतःच नवीन करते. हा शिक्का नसेल तर व्हॉल्टवॉर्डनचं वेब पान चालतच नाही, कारण ब्राउझरमधली सांकेतिक भाषेची सोय सुरक्षित पत्त्यावरच उघडते. "आधी चालू करून पाहू, एचटीटीपीएस नंतर बघू" असं इथं होत नाही.

काय सामान लागतं

एक जुना लॅपटॉप. आमचा बाद ठरवलेला होता, कीबोर्डची चार बटणं गेलेली. तरी चालतो. लॅपटॉप निवडण्याचं कारण बॅटरी. लाईट गेली तरी अर्धा-पाऊण तास तग धरतो, इन्व्हर्टर असेल तर प्रश्नच नाही. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणकही चालतो, पण त्यात मेमरी कार्डावर भरवसा ठेवू नका. लाईट सारखी ये-जा करते तिथं कार्ड खराब होतं. एसएसडी लावा.

त्यावर उबुंटू सर्व्हर किंवा डेबियन ही फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली टाकायची. झाकण बंद केलं की लॅपटॉप झोपू नये अशी सेटिंग करायची. आमचा पहिल्याच रात्री झोपला होता.

एक डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नाव. डॉट इन नाव वर्षाच्या भाड्यानं मिळतं. पैसे घालायचे नसतील तर डकडीएनएस फुकट उपनाव देतं.

आणि इंटरनेट. इथं आपल्या भागात खरी मेख आहे, म्हणून जरा सविस्तर.

आपलं कनेक्शन बाहेरून सापडतं का

मोबाईलचं नेट आणि बरीच फायबर कनेक्शनं यांत कंपनी एकच पत्ता शेकडो ग्राहकांना वाटून देते. याला सीजीनॅट म्हणतात. वाड्यात वीस बिऱ्हाडं आणि पत्रपेटी एकच, असा प्रकार. आपण बाहेर पत्र पाठवू शकतो, पण बाहेरून आलेलं पत्र नेमकं आपल्या दारात येत नाही. म्हणून सर्व्हर चालू असूनही बाहेरून सापडत नाही.

तपासायची रीत सोपी. राउटरच्या पानावर जाऊन बाहेरचा आयपी पत्ता पाहा. मग ब्राउझरमध्ये आपला आयपी दाखवणारी एखादी वेबसाईट उघडा. दोन्ही आकडे सारखे असतील तर रस्ता मोकळा. वेगळे असतील, किंवा राउटरवरचा पत्ता १०० नं सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, तर सीजीनॅट आहे. आम्ही हे न तपासता तीन दिवस सेटिंगमध्ये डोकं फोडत बसलो होतो.

सीजीनॅट असेल तर तीन मार्ग आहेत. एक, फायबर कंपनीकडून कायमचा आयपी मागून घ्या, त्याचे वेगळे पैसे लागतात. आम्ही हेच केलं. दोन, शहरातल्या डेटा सेंटरमधला छोटा सर्व्हर महिन्याच्या भाड्यानं घ्या. एक जीबी मेमरीचा सगळ्यात लहान पुरतो. लाईटचा प्रश्नही मिटतो. तीन, सर्व्हर इंटरनेटवर उघडाच करू नका. टेलस्केलसारख्या खासगी जाळ्यात तो लॅपटॉप आणि सदस्यांचे मोबाईल जोडा. बाहेरच्या कुणाला सर्व्हर दिसतच नाही. टेलस्केलची स्वतःची 'सर्व्ह' नावाची सोय गेटचं आणि सर्टिफिकेटचं दोन्ही काम करते, मग कॅडी लागत नाही. सदस्य मोजके असतील तर सगळ्यात सुरक्षित मार्ग हाच. फक्त प्रत्येकाच्या मोबाईलात टेलस्केलची ॲप चालू पाहिजे.

प्रत्यक्ष मांडणी, पायरीनं

खालचे पारिभाषिक शब्द आणि आज्ञा संगणकावर इंग्रजी अक्षरांतच टाईप करायच्या आहेत. इथं वाचायला सोपं जावं म्हणून त्यांचे उच्चार दिलेत.

१) लॅपटॉपला घरातल्या जाळ्यात कायमचा पत्ता द्या. राउटरमध्ये ८० आणि ४४३ ही दोनच पोर्ट लॅपटॉपकडे वळवा. दुसरं काही उघडू नका.

२) डोमेनच्या सेटिंगमध्ये 'ए' नोंद करून आपला बाहेरचा आयपी लिहा. उपनाव साधं ठेवा.

३) डॉकर कंपनीच्या अधिकृत पानावरून डॉकर आणि त्याचा कंपोज हा भाग बसवा.

४) एक फोल्डर करा. त्यात कंपोज फाईल लिहायची. फाईलमध्ये दोन डब्यांची नोंद असते : व्हॉल्टवॉर्डन आणि कॅडी. व्हॉल्टवॉर्डनच्या आतला 'डेटा' फोल्डर बाहेरच्या फोल्डरला जोडा. कॅडीचाही 'डेटा' फोल्डर बाहेर जोडा. तो जोडला नाही तर दर वेळी डबा नव्यानं बनला की कॅडी नवीन सर्टिफिकेट मागते. लेट्स एन्क्रिप्ट एकाच नावाची तीच ती सर्टिफिकेटं आठवड्यात पाचच देते, मग दार बंद.

५) पोर्ट फक्त कॅडीची उघडा, ८० आणि ४४३. व्हॉल्टवॉर्डनचं एकही पोर्ट बाहेर उघडायचं नाही. दोन्ही डबे डॉकरच्या आतल्या जाळ्यात एकमेकांना नावानं ओळखतात. इथं एक फसवी जागा आहे. उबुंटूची यूएफडब्ल्यू नावाची भिंत लावली म्हणून निर्धास्त होऊ नका. कंपोज फाईलमध्ये एखादं पोर्ट उघडलं तर डॉकर या भिंतीला वळसा घालून ते उघडतो.

६) दोन्ही डब्यांना 'रीस्टार्ट : अनलेस स्टॉप्ड' असं लिहा. लाईट येऊन लॅपटॉप चालू झाला की डबे आपोआप उठतात.

७) व्हॉल्टवॉर्डनला 'डोमेन' या नावाखाली आपला पूर्ण पत्ता एचटीटीपीएससह द्या.

८) कॅडीफाईल लिहा. त्यात मुळात दोनच गोष्टी : आपलं डोमेन, आणि कंसात 'रिव्हर्स अंडरस्कोर प्रॉक्सी' लिहून पुढे व्हॉल्टवॉर्डनचं नाव, विसर्गासारखं कोलन आणि ८०. जोडीला 'एक्स रिअल आयपी' हा मथळा पुढे पाठवायची ओळ घाला. ती नसेल तर नोंदवहीत प्रत्येक येणारा कॅडीच्याच पत्त्यानं दिसतो, आणि चुकीचा पासवर्ड कोण मारतंय ते कळत नाही.

९) 'डॉकर कंपोज अप' आणि पुढे उणे चिन्ह डी. मिनिटभरात ब्राउझरमध्ये आपल्या पत्त्यावर लॉगिनचं पान दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर 'डॉकर कंपोज लॉग्स' वाचा. बहुतेक वेळा चूक डीएनएसमध्ये किंवा राउटरच्या पोर्टमध्ये निघते.

१०) सगळ्या सदस्यांना एकाच बैठकीत बसवून खाती उघडून घ्या. खाती झाली की कंपोज फाईलमध्ये 'साइनअप्स अलाउड' समोर 'फॉल्स' लिहून पुन्हा चालू करा. ही पायरी विसरली तर जगातला कुणीही आपल्या सर्व्हरवर खातं उघडू शकतो.

११) ॲडमिन पानाची गरज नसेल तर त्याचं टोकन देऊच नका. टोकन नसलं की ते पान बंदच राहतं.

१२) मोबाईलमध्ये बिटवॉर्डन ॲप घ्या. लॉगिनच्या पानावर सर्व्हर निवडायची जागा असते. तिथं 'सेल्फ होस्टेड' निवडून आपला पत्ता लिहा.

मास्टर पासवर्ड कसा ठेवायचा

मुलीचं नाव आणि जन्मसाल, गाडीचा नंबर, गट नंबर हे चालणार नाही. गावातल्या माणसाला ते सगळं माहीत असतं. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द निवडा, इंग्रजी अक्षरांत लिहा. खळ्यातली एक वस्तू, स्वयंपाकघरातली एक, आकाशातलं काहीतरी, असं. लांबी महत्त्वाची. बिटवॉर्डन मास्टर पासवर्डवर सहा लाख वेळा गणित फिरवून चावी तयार करतो, म्हणजे चोराला एकेक अंदाज महाग पडावा. पण पासवर्डच 'राम१२३' असेल तर हे गणित काय करणार?

तो कागदावर लिहा, पाकिटात घाला, चिकटवा, वर सही करा आणि बँकेच्या लॉकरमध्ये किंवा संस्थेच्या तिजोरीत ठेवा. वहीला विरोध करणारा माणूस कागद कसा सांगतोय, असं वाटेल. फरक आहे. ती वही दहा जण दिवसातून दहा वेळा उघडत होते. हे पाकीट फुटलं तर लगेच कळतं.

यासोबत दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा. मोबाईलमधली कोड देणारी ॲप दर ३० सेकंदांना नवीन आकडा दाखवते. चालू करताना एक रिकव्हरी कोड मिळतो, तोही त्याच पाकिटात. एक बारीक गोष्ट : हे आकडे घड्याळावर चालतात. लाईट जाऊन आल्यावर सर्व्हरचं घड्याळ चुकलं तर बरोबर कोडसुद्धा नाकारला जातो. कोड चालेना झाला तर आधी सर्व्हरची वेळ पाहा.

वाटणी : कुणाला काय दिसावं

संस्थेच्या नावानं 'ऑर्गनायझेशन' तयार करा. त्यात 'कलेक्शन' म्हणजे वेगवेगळे कप्पे पाडा. आमचे चार आहेत : कर व कंपनी कायदा, बँक व अनुदान, खरेदी-विक्री, आणि वीज-नेट-मोबाईल बिलं. हिशेब पाहणाऱ्याला पहिले दोन दिसतात. गोदाम पाहणाऱ्याला तिसराच. नवीन आलेल्या पोराला फक्त चौथा.

मालक मात्र दोन ठेवा, एक कधीच नाही. एकाचा मास्टर पासवर्ड गेला, तो आजारी पडला, गाव सोडून गेला, तरी दुसरा संस्थेचे कप्पे उघडू शकतो. आमची सगळी फजिती एकाच्याच हाती चावी असल्यामुळे झाली होती.

माणूस सोडून गेला तर त्याचं नाव काढा. पण तेवढ्यानं काम भागत नाही. त्यानं पाहिलेले पासवर्ड त्याला माहीत आहेत. म्हणून त्याच्या कप्प्यातले पासवर्ड त्याच आठवड्यात बदला आणि ओटीपीचा नंबर व ईमेल संस्थेच्या ताब्यातलाच आहे ना, ते तपासा. संस्थेचं सिम संस्थेच्या नावावर घ्या आणि त्याचा रिचार्ज कुणाची जबाबदारी ते ठरावात लिहा.

काय ठेवू नये तेही सांगतो. सभासदांचे यूपीआय पिन आणि त्यांच्या वैयक्तिक खात्यांचे पासवर्ड संस्थेच्या तिजोरीत घेऊ नका. सेवा केंद्रवाल्यांनी तर नाहीच. लोक विश्वासानं सांगतात, पण उद्या काही इकडचं तिकडं झालं तर पहिलं बोट तुमच्याकडे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंही लोकांची माहिती सांभाळणाऱ्यावर जबाबदारी टाकली आहे.

बॅकअप : इथं आळस नको

व्हॉल्टवॉर्डनची सगळी माहिती त्या एका 'डेटा' फोल्डरमध्ये असते. एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसची फाईल, जोडलेली कागदपत्रं, चाव्यांच्या फाईली. चालू असताना डेटाबेस फाईल नुसती कॉपी केली तर ती अर्धवट येऊ शकते. म्हणून सोपी रीत अशी : डबे थांबवा, पूर्ण फोल्डर कॉपी करा, डबे चालू करा. दोन मिनिटांचं काम. रोजचं आपोआप करायचं असेल तर एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप आज्ञा वापरा.

प्रती तीन पाहिजेत. एक लॅपटॉपवर, एक पेनड्राईव्ह किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर, आणि एक कार्यालयाच्या बाहेर, दुसऱ्या मालकाच्या घरी. कार्यालयाला आग लागली, पाणी शिरलं, चोरी झाली तर एकाच खोलीतल्या तीन प्रती एकदमच जातात.

आणि बॅकअप उघडून पाहा. आमचा पहिल्या महिन्याचा बॅकअप मी मोठ्या ऐटीत पेनड्राईव्हवर घेऊन हिंडत होतो. भावकीतल्या पोरानं विचारलं, "काका, उघडून बघितला का?" उघडला तर फोल्डर रिकामं. आज्ञेत जागेचं नाव एका अक्षरानं चुकलं होतं. तेव्हापासून तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या संगणकावर बॅकअप लावून, लॉगिन करून, एक पासवर्ड वाचून पाहतो. बियाणं पेरायच्या आधी उगवण तपासतो, तसंच हे.

लाईट गेली, नेट गेलं तर

हा प्रश्न सगळे विचारतात. उत्तर दिलासा देणारं आहे. बिटवॉर्डनची ॲप तिजोरीची कुलूपबंद प्रत मोबाईलातही ठेवते. सर्व्हर बंद असला तरी आधी लॉगिन केलेल्या मोबाईलवर पासवर्ड वाचता येतात. नवीन घालता किंवा बदलता येत नाहीत, तेवढंच. लाईट आली, सर्व्हर उठला की पुन्हा जुळतं. फक्त सर्व्हर बंद असताना ॲपमधून लॉगआउट करू नका. लॉगआउट केलं की मोबाईलातली प्रत पुसली जाते.

अपडेटचं म्हणाल तर महिन्यातून एक दिवस ठरवा. आम्ही अमावस्येनंतरचा पहिला सोमवार धरलाय, कुणी विसरत नाही. आधी बॅकअप, मग नवीन आवृत्तीची माहिती वाचायची, मग 'डॉकर कंपोज पुल' आणि पुन्हा 'अप'. लिनक्सचे अपडेटही त्याच दिवशी. अपडेट न केलेला सर्व्हर म्हणजे कुंपण मोडलेलं शेत. जनावर आज आलं नाही, म्हणून उद्या येणार नाही असं नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लॅपटॉपच चोरीला गेला तर? चोराला कुलूपबंद अक्षरं मिळतील. मास्टर पासवर्ड मजबूत असेल तर तिजोरी उघडणं जवळपास अशक्य. तरी बॅकअपवरून दुसरीकडे सर्व्हर उभा करा आणि महत्त्वाचे पासवर्ड बदलून टाका.

मास्टर पासवर्ड विसरला तर? पाकीट फोडा. पाकीटही नसेल तर त्या खात्यातलं खासगी गेलं. संस्थेचे कप्पे दुसऱ्या मालकाकडे शाबूत राहतात.

ब्राउझर पासवर्ड लक्षात ठेवतोच की, मग हे कशाला? एकट्याच्या घरच्या संगणकावर ठीक आहे. पण कार्यालयातला संगणक दिवसभरात पाच जण वापरतात. एकाच्या खात्यात साठलेले पासवर्ड सगळ्यांना उघडे होतात, आणि तो माणूस गेला की त्याच्याबरोबर जातात.

डिजिटल सही? सहीचा पेनड्राईव्ह तिजोरीत वेगळा कुलपात, त्याचा पिन पासवर्ड मॅनेजरमध्ये. दोन्ही एका जागी नको.

पैशाची फसवणूक झाली तर? वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाईनला फोन करा आणि केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त.

हे शिकायचं कुठं? कॉलेजला असलेली, संगणक शिकणारी पोरं आज गावोगाव आहेत. त्यांना हे काम प्रकल्प म्हणून द्या. दोघा जणांना बसवा म्हणजे माहिती एकाच्याच डोक्यात राहत नाही. आणि केलेली प्रत्येक सेटिंग कागदावर लिहून घ्या.

शेवटी

आमच्या कार्यालयातली जुनी वही आम्ही जाळली. त्याआधी एकेक पासवर्ड तिजोरीत भरला आणि भरता भरता प्रत्येक बदलला. दोन दिवस लागले. ५१ नोंदी निघाल्या, त्यातल्या १४ ठिकाणी एकच पासवर्ड होता, आणि तो कंपनीचं नाव आणि एक-दोन-तीन असाच होता. म्हणजे वही चोरायचीही गरज नव्हती.

यंदाचा वार्षिक हिशेब मुदतीच्या आत भरला. तात्यांनी स्वतः लॉगिन केलं, चष्मा लावून, एका बोटानं. मास्टर पासवर्ड टाकताना मला म्हणाले, "तू तिकडं बघ." मी खिडकीबाहेर बघितलं. योग्यच होतं ते.